नव्यासारखे, फक्त दोनदा वापरलेले

आकाशकंदील उतरले की वस्तूंचा परतीचा प्रवास सुरू होतो. दसऱ्याला ज्यांच्या पानभर जाहिराती होत्या, त्याच वस्तू तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उगवतात. मजकूर ठरलेला: ‘एअर फ्रायर विकणे आहे. नव्यासारखा, फक्त दोनदा वापरलेला. बॉक्स आणि बिलासह.’ विकणाऱ्याला वाटते, आपण वस्तूची तारीफ करतोय. प्रत्यक्षात तो कबुलीजबाब असतो. सात हजारांचा फ्रायर दोनदा वापरला म्हणजे एका घाण्याला साडेतीन हजार पडले. त्या पैशांत एखादा आचारी घरी येऊन कोथिंबीरवडी तळून, ओटाही पुसून गेला असता. खरेदीने समाधान मिळते का, हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांना पडला आहे. उत्तर या जाहिरातीत कधीचे छापलेले आहे. फक्त ते वस्तू घरात येताना वाचायचे नसते, जाताना वाचायचे असते.

आपण नेमके उलटे करतो. कुरिअरवाला जिना उतरतो न उतरतो तोच मोबाइलवर पाच रिकामे तारे येऊन उभे राहतात: अनुभव कसा वाटला? कसला अनुभव? खोक्याची चिकटपट्टी अजून निघायची असते. तरी लोक प्रामाणिकपणे लिहितात, ‘पॅकिंग छान. वेळेत मिळाले. वापरून पाहिल्यावर सविस्तर लिहीन.’ ते सविस्तर लिखाण निवृत्तीनंतर लिहायच्या आत्मचरित्रासारखे कायमचे राहून जाते. मुळात पहिल्या दिवशी माणूस तारे वस्तूला देत नाही, स्वतःच्या निवडीला देतो. बावीस व्हिडिओ बघून, तीन ठिकाणचे भाव ताडून आणि मेहुण्याचा सल्ला झुगारून घेतलेल्या टीव्हीला दोन तारे देणे म्हणजे मेहुण्याला पाच देणे. ते कोण करील? शिवाय नव्याचे नऊ दिवस असले तरी हप्ते बारा असतात. त्यातल्या ‘शून्य टक्के व्याजा’बद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, ते प्रक्रिया शुल्काच्या वेषात येते. म्हणजे दहाव्या दिवसापासून आनंद शून्य टक्के आणि व्याज मात्र वेषांतर करून हजर.

म्हणीतले नऊ दिवस मानसशास्त्रालाही मान्य आहेत. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी अभ्यासकांनी १९७१ साली मांडले की माणूस सुखाला सरावतो आणि पुन्हा होता तिथेच येतो. उपमा त्यांनी ट्रेडमिलची दिली: पळायचे भरपूर, पोहोचायचे कुठेच नाही. त्यावर टॉवेल वाळत घालण्याचा आपला विनोद आता ट्रेडमिलपेक्षा जुना झाला. पण आपली एखादी बाल्कनी पाहिली असती, तर त्या दोघांनी पळण्याची अटही काढून टाकली असती. सरावणे एकवेळ परवडते, खरा खर्च त्यापुढे आहे. दनी दीद्रो या फ्रेंच तत्त्वज्ञाने १७६९ च्या सुमारास आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला. नवा लाल, उंची झगा आला आणि त्याच्यापुढे घरातली खुर्ची, टेबल, भिंतीवरची चित्रे दरिद्री दिसू लागली. मग एकेक करून तीही बदलली. दीद्रोला हे उमजायला तत्त्वज्ञ व्हावे लागले. पुण्यात लक्ष्मी रोडवर साडी घेणाऱ्या कोणालाही ते फॉल-पिकोच्या दुकानापर्यंत चालत जाईतो समजते. साडीमागून परकर, आतले ब्लाउजपीस पुरत नाही म्हणून वेगळे कापड, मग शिलाई, मग त्या गळ्याला शोभेल असे गळ्यातले. मोबाइलमागून काच, कव्हर आणि चार्जर, कारण पुष्कळ खोक्यांत आता चार्जर नसतो. नवी वस्तू समाधान देत नाही असे नव्हे. देते आणि वसुलीला उरलेल्या घराचे समाधान घेऊन जाते.

काही वस्तू तर असमाधानाची रोजकीर्दच ठेवतात. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ दहा हजार पावले झाली की थरथरून अभिनंदन करते. हा आकडा कोण्या वैद्यकाच्या ग्रंथातून आला असावा, असे आपण धरून चालतो. तो आला १९६५ साली जपानच्या बाजारात उतरलेल्या ‘मानपो-केई’ या उपकरणाच्या नावातून. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’. म्हणजे बारसे आधी झाले आणि आरोग्याचा नियम मागाहून जन्मला. आठ हजार पावले चाललेला माणूस पूर्वी दमून सुखाने झोपायचा. आता तो दोन हजारांची थकबाकी डोक्यावर घेऊन रात्री साडेअकराला सोफा आणि फ्रिज यांच्यामध्ये येरझारा घालतो.

या सगळ्यात निःपक्षपाती समीक्षक दोनच: बोहारीण आणि भंगारवाला. बोहारीण पायरीवर ऐसपैस बसते, पँट झटकून उजेडाकडे धरते, गुडघ्याशी आणि बैठकीशी कापड विरलेय का ते अंगठ्याने चाचपते, चेन वर-खाली करून बघते. नऊ वर्षे अंगावर राहिलेला सदरा ती दोन बोटांनी बाजूला सारते: ‘ह्याचं काय करू, ताई?’ पण एका लग्नापुरता घेतलेला, घडीही न मोडलेला जरीचा कुर्ता दिसला की तिचा चेहरा उजळतो आणि वाटीच्या जागी झाकणाचा डबा पुढे येतो. तिच्या दरपत्रकाचा नियम साधा आहे: कपड्याने जितके कमी समाधान दिले, तितके भांडे मोठे. ज्या घरात तिच्याकडच्या डब्यांची उतरंड लागली आहे, तिथे कपड्यांची खरेदी सपशेल फसली म्हणून खुशाल समजावे. भंगारवाला आणखी कडक. अठरा फंक्शनच्या यंत्राला तो एकच प्रश्न विचारतो: आतली वाइंडिंग तांब्याची की ॲल्युमिनियमची? उरलेली सतरा फंक्शने तो प्लास्टिकच्या भावात काट्यावर टाकतो. या दोघांना कोणी तारे द्यायला सांगत नाही, कारण ते खरे देतील.

‘हे पोट भरलेल्यांचे वैराग्य झाले,’ असा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ज्या घरात पहिला फ्रिज येतो तिथला आनंद खोटा नसतो. मिक्सरने पाटा-वरवंटा भिंतीशी टेकवला, वॉशिंग मशीनने कित्येक मनगटे सोडवली. त्याची चेष्टा करणाऱ्याने महिनाभर चादरी पिळाव्यात. पण हा आक्षेप आपल्याच मुद्द्याच्या बाजूने साक्ष देतो. ‘वॉशिंग मशीन विकणे आहे, फक्त दोनदा वापरलेले’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. गरजेची वस्तू जाते ती झिजून. दुसरा आक्षेप, ‘घेणारा शहाणा असतो, त्याच्यावर कोण जबरदस्ती करतो?’ सरकारला तेवढी खात्री नसावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानदारीतल्या तेरा चलाख्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. ‘फक्त दोन शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत सरकवलेली जिन्नस, नकार देणाऱ्याला लाजवणारे बटण, सगळे तीत आहे. शहाण्याला गंडवायला तेरा रीती लागतात, एवढेच त्याच्या शहाणपणाचे प्रमाणपत्र.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा: वस्तू घेऊ नका, अनुभव घ्या. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली दाखवलेही की वस्तूंपेक्षा सहली, कार्यक्रम अशा अनुभवांवरच्या खर्चाने लोक अधिक सुखावतात. संशोधन चोख आहे. त्यानंतरच्या काळात अनुभवाचीच वस्तू झाली, त्याला संशोधकांचा इलाज नव्हता. महाबळेश्वरचा सूर्यास्त आता मोबाइलच्या चौकटीत बसेतो मावळून जातो, आणि चहा घेण्याआधी चहाला तारे द्यावे लागतात. फरक इतकाच की दोनदा वापरलेली सहल ग्रुपवर विकता येत नाही. चौथा आक्षेप देशहिताचा: लोक घेतील तरच कारखाने चालतील. म्हणूनच २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेला, एसी आणि मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मान्य. पण बाजाराला आपली खरेदी हवी असते, आपले समाधान नव्हे. तृप्त गिऱ्हाईक हे त्याच्या दृष्टीने बुडीत खाते. १९२४ साली जगातल्या बड्या बल्बकंपन्यांनी संगनमत करून बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले, जास्त जळणाऱ्या बल्बसाठी दंड लावला. ते काही उजेडाच्या काळजीपोटी नव्हते.

तेव्हा खरेदी थांबवा, असे सांगण्यात अर्थ नाही. पुढचा मुहूर्त साडेतीनांपैकी कुठला ना कुठला असणारच. फक्त तारे वर्षभराने द्यावेत. तोवर काही वस्तू गप्प झालेल्या असतील. चांगली चप्पल पायात आहे हे विसरायला लावते, चांगली पक्कड हरवली तरच आठवते. ‘मुंजीनिमित्त, १९८३’ असे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या टोपात चाळीस वर्षे दूध तापते आहे आणि त्याच्याबद्दल कोणी एक ओळ लिहिलेली नाही. अशा वस्तूंवर लिहायचे झालेच, तर सोसायटीच्या ग्रुपवर एक नवी जाहिरात द्यावी लागेल: ‘कुकर विकणे नाही. वीस वर्षे रोज वापरलेला. दांडा एकदा, शिट्टी दोनदा, रिंग असंख्य वेळा बदललेली. बॉक्स आणि बिल कुठे गेले, माहीत नाही.’