साडेअठरा टक्के, अन् पोराला पत्ता नाही!

अहो वैनी, या ना जरा कुंपणापाशी. ऐकलंत का, त्या बॉबी ऑरला त्याच्या वकिलानं कसं बुडवलं ते? तोच हो, बोस्टनवाला, बर्फावरच्या हॉकीतला, चार नंबरची जर्सी, डाव्या गुडघ्याचं दुखणं... आमच्या जाऊबाईंचा भाचा कॅनडात आहे ना, त्यानं फोनवर सगळं पाल्हाळ लावून सांगितलं. इकडं वरण करपलं, पण मी काही फोन ठेवला नाही.

आमचे हे म्हणतात, "गुडीहत्नूरात बसून तुला बर्फाच्या हॉकीचं काय पडलंय? हॉकी म्हणजे ध्यानचंद, संपलं." म्हणू देत. पण नंतर कान टवकारून कोण बसलं होतं, ते मी पाहिलंय.

तर काय सांगत होते... पोरगा पॅरी साउंडचा. ओन्टारिओतलं लहानसंच गाव. 1948 चा जन्म. बारा-तेरा वर्षांचा असताना बोस्टन ब्रुइन्सची मोठी माणसं एका मॅचला गेली होती, ती दुसऱ्याच पोरांना बघायला. नजर पडली ह्याच्यावर! मग काय, त्यांचा माणूस उठसूट घरी यायला लागला. चौदाव्या वर्षी कागदावर सही. अन् बदल्यात काय, ठाऊक आहे? घराला बाहेरून गिलावा, एक गाडी अन् थोडे पैसे. गिलावा हो वैनी! सोन्यासारखं पोर गिलाव्यावर गेलं. आई-बाप साधे, त्यांना तरी काय म्हणायचं...

खेळ म्हणाल तर विचारूच नका. डिफेन्समननं कसं, मागं राहायचं, आपल्या गोलासमोर दुसऱ्याला अडवायचं, एवढंच काम. हा बाबा मागून पक, म्हणजे ती रबरी चकती, घेऊन जो सुटायचा तो थेट पलीकडच्या गोलापाशी. अन् डाव उलटला तर परत मागं यायलाही हाच पहिला. 1970 अन् 1975 ला अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट ह्याचे. फॉरवर्ड लोक तोंडं बघत राहिले. दुसऱ्या कुठल्या डिफेन्समनला ते आजवर जमलेलं नाही. उत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी तर लागोपाठ आठ वर्षं घरात. बाकीच्यांनी करायचं काय?

अन् तो फोटो! 10 मे 1970. सेंट लुईसशी फायनलची चौथी मॅच, बरोबरी झालेली, जादा वेळ सुरू होऊन चाळीसच सेकंद झालेले. ह्यानं डेरेक सँडरसनकडे पक दिला, त्यानं परत दिला, अन् ह्यानं गोलकीपर ग्लेन हॉलच्या पायांमधून आत सारला. तेवढ्यात नोएल पिकार्डनं ह्याचा पाय उचकटला. बॉबी आडवा हवेत, दोन्ही हात वर, तोंड उघडं. बोस्टनला 29 वर्षांनी स्टॅनले कप! फोटो काढणारा रे लुसिए. म्हणे त्या जागेवर दुसराच फोटोवाला बसायचा, तो उकडतंय म्हणून बिअर आणायला गेला, अन् हा त्याच्या स्टुलावर जाऊन बसला. परत आल्यावर त्या बिअरवाल्याचं तोंड काय झालं असेल हो... अन् तो ग्लेन हॉल पुढं बॉबीलाच चिडवायचा म्हणे, अरे, तू जन्मात एवढा एकच गोल केलास का! पुतळासुद्धा त्याच उडीचा केलाय, 2010 साली, बरोबर 10 मेलाच.

हं, तर वकील. तो मुख्य मुद्दा राहिलाच की. अॅलन ईगल्सन. अठराव्या वर्षी बॉबीचा पहिला मोठा करार ह्यानंच करून दिला. नवख्या पोराला इतका पगार तोवर कुणी दिला नव्हता, अन् सही झाली मालकांच्या मॅनेजरच्या बोटीवर, पाण्यात! मग काय, बॉबीचा ह्याच्यावर डोळे मिटून विश्वास. थोरला भाऊच म्हणा. पैसा तो बघणार, कागद तो बघणार. अन् गंमत अशी, खेळाडूंच्या युनियनचा कारभारीही हाच. म्हणजे मालकांशी भांडणारा हा अन् मालकांबरोबर जेवणाराही हाच.

गुडघा तोवर पार गेलेला. ऑपरेशनांवर ऑपरेशनं. 1976 ला करार संपला, तेव्हा बोस्टनवाल्यांनी काय देऊ केलं असेल? क्लबची साडेअठरा टक्के मालकी! पगार वेगळा. पण वकील येऊन सांगतो, बोस्टनला तू नको आहेस, शिकागोला चल. शिकागोच्या मालकांशी ह्याची घसट, ते कशाला सांगायला हवं. आपल्याकडं अडत्या कसा, आदिलाबादच्या यार्डात चढा भाव निघाला तरी शेतकऱ्याला खालचाच सांगतो अन् वर "तुमच्यासाठी लई भांडलो बघा" म्हणतो, तसलंच हो हे. एवढं ऐकल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा जो उतरला! गेल्या साली कापसात काय झालं ते आठवलं असणार. मी बोलले नाही काही. बोलायचं नसतं अशा वेळी.

वकील म्हणे, मी सांगितलं होतं त्याला. आता साडेअठरा टक्के कुणी ऐकून विसरतं का? तुम्हीच सांगा.

शिकागोत बॉबी उणापुरा 26 मॅचा खेळला. अन् वैनी, हे ऐका, खेळता येत नाही तर पगार कशाचा घ्यायचा, म्हणून त्यानं चेक वटवलेच नाहीत. आता ह्याला काय म्हणावं? माझ्या मते अति झालं हे, घरात बायको आहे, दोन पोरं आहेत... पण मानलं पाहिजे बाई. 1978 ला तिशीतच खेळ सुटला. जानेवारी 1979 ला बोस्टननं चार नंबर कायमचा वर टांगला, तर टाळ्या थांबेचनात, त्याला बोलूच देईनात. अन् इकडं हिशेब मांडून बघतात तर हातात आहे त्याहून देणं जास्त! 1980 ला वकिलाशी संबंध तोडला.

पुढं कसं उघडं पडलं? बोस्टनजवळच्या एका छोट्या पेपरातला बातमीदार, रस कॉनवे. तो 1991 पासून ह्या वकिलाच्या मागंच लागला. पेन्शनचे पैसे, विम्याचे पैसे, एकेक म्हाताऱ्या खेळाडूचं निघायला लागलं. 1998 ला ईगल्सननं कोर्टात गुन्हा कबूल केला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सहाएक महिन्यांतच सुटला, ते सोडा.

खरी मजा तर त्यानंतर. हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये हा वकीलही मानानं बसलेला ना, 1989 पासून! तेव्हा बॉबी, गॉर्डी हाऊ अन् इतर मोठमोठे म्हणाले, तो राहणार असेल तर आमची नावं काढा. झालं! काढून टाकायच्या आत वकिलानं स्वतःच राजीनामा दिला. बॉबी तोवर खेळाडूंचा एजंट झालेला, दुसऱ्यांच्या पोरांचे करार करायला. मी तर भाच्याला विचारलंच, बाबा रे, मालकी देऊ केली तर हा पोरांना सांगतो ना?