येताना सीमेवरून या!

प्रति,
मा. आगामी विषाणू,
मुक्काम : अद्याप अज्ञात

विषय : येताना सीमेवरून, शक्यतो गणवेशात येणेबाबत.

महोदय,

आपले पूर्वज, कोविड-१९चे विषाणू, भारतात ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये प्रथम नोंदले गेले. ते रडारवर दिसले नाहीत, त्यांनी कुंपणही तोडले नाही. दोनच दिवसांनी अर्थसंकल्प मांडला गेला. संरक्षणाला निवृत्तिवेतनासह सुमारे ४ लाख ७१ हजार कोटी रुपये आणि आरोग्य मंत्रालयाला सुमारे ६७ हजार कोटी. शत्रूंच्या यादीत त्यांचे नावच नव्हते.

पुढे ते नाव घातले गेले. महाभारताचे युद्ध १८ दिवसांत जिंकले, हे २१ दिवसांत जिंकू, असे पंतप्रधानांनी मार्चमध्ये सांगितले. परिचारिका ‘योद्धा’ झाल्या. चिलखत म्हणून काहींच्या वाट्याला रेनकोट आले. ३ मे रोजी हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. फुलांचा तुटवडा कुठेही जाणवला नाही.

तुटवडा पुढच्या एप्रिलात पडला, प्राणवायूचा. रुग्णालयांच्या आवारात १६२ ऑक्सिजन प्रकल्प उभारण्याची निविदा ऑक्टोबर २०२० मध्येच निघाली होती. खर्च २०१ कोटी ५८ लाख. एप्रिलच्या मध्यापर्यंत उभे राहिले ३३. शस्त्रे व देखभालीसह ३६ राफेलचा करार सुमारे ५९ हजार कोटींचा. त्या हिशेबाने एका विमानाच्या किमतीत असे बाराशेहून अधिक प्रकल्प बसतात. पण ऑक्सिजन प्रकल्पाला संचलनात नेता येत नाही, ही त्याची मोठीच उणीव.

मग कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला धाडले गेले. हवाई दलाने टँकर विमानांत चढवून नेले. जवानांबद्दल तक्रार नाही. आपले काम सोडून दुसऱ्याचे राहिलेले काम त्यांनी केले. जुलैत राज्यसभेत उत्तर मिळाले : ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही. म्हणजे आपले पूर्वज त्या आरोपातून सुटले, आम्हीही सुटलो.

सबब विनंती की,
१) येण्यापूर्वी ताबारेषेवर थोडी हालचाल करावी;
२) रणगाडा नसल्यास निदान एखादे ड्रोन सोबत आणावे;
३) वृत्तवाहिन्यांना नकाशावर बाण दाखवता येतील, अशाच मार्गाने यावे.

एवढे केल्यास आमची तयारी चोख असेल, याची खात्री बाळगावी.

आपला,
एक करदाता

प्रत : मा. अर्थमंत्री, कार्यवाहीसाठी. विषाणू या विनंतीला मान देणार नाही, म्हणून ही प्रत. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरले होते. मुदत उलटली, अडीच टक्के झालेले नाहीत. आजाराशी युद्ध पुकारायचे असेल, तर त्याची तरतूद युद्धाआधी करावी.