ऑन रोड किंमत

पुण्यात दसऱ्याला गाडी घेणारा माणूस एकच हिशेब पक्का करतो, मायलेजचा. बाकीचा शोरूमवाला करतो. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रस्ताकर, तोही एकरकमी. २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमाही आधीच भरायचा. एवढं देऊन मुंबईला द्रुतगती मार्गाने निघालात तर टोल वेगळा, कारण तो रस्ता जरा जास्त रस्ता आहे. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. सात वर्षांचा हप्ता मात्र एका रुपयानेही हलत नाही.

फायदे आहेतच. गाडी असल्याशिवाय सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडता येत नाही. लक्ष्मी रोडला मात्र रिक्षानेच जायचं, तिथे गाडी लावणार कुठे? ती घरी कव्हराखाली. बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी सकाळी तिला पेट्रोल जाळून फिरवून आणायचं, कुत्र्याला नेतात तसं. (कुत्र्याला निदान पीयूसी लागत नाही.)

मे महिन्यात कोकणातून परतताना मात्र ती पैसे वसूल करते. डिकीत तीन फणस आरामात मावतात. एसटीत कंडक्टर त्यांचंही तिकीट फाडतो.