एका मनगटास अनावृत पत्र

माझ्या मोटरसायकलच्या मागच्या कॅलिपरचा ब्लीडर ज्यांनी शेवटचा आवळला, त्या अज्ञात पहिलवानांस,

साष्टांग दंडवत, वि. वि.

आपलं नाव मला माहीत नाही. गाडी मी सेकंडहँड घेतली. सोबत बिलांची जाडजूड फाइल आली, पण गाडीला नेमका कुणी हात लावला ते बिलावर छापायची पद्धत आपल्याकडे नाही. तरी परवा आपला परिचय झाला. आठ नंबरचा रिंग पाना लावला, जोर दिला आणि ‘कट्’ असा आवाज आला. सुटला म्हणून हायसं वाटलं. सुटला नव्हता. मुंडकं पान्यात आणि धड कॅलिपरमध्ये, अशी वाटणी झाली होती.

काम खरं तर साधं होतं. जुने ब्लीडर काढायचे आणि त्या जागी झडपवाले बसवायचे. साध्या ब्लीडरने ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक लिव्हर दाबून धरणार, दुसरा पाना फिरवणार. पाना बंद व्हायच्या आत पहिल्याने लिव्हर सोडला की हवा पुन्हा आत. या ‘दाब, धर, सोड’वरून किती घरांत अबोला आला असेल, देव जाणे. झडपवाल्याच्या पोटात एक गोळी आणि स्प्रिंग असते. लिव्हर दाबला की गोळी सरकते आणि ऑइल बाहेर येतं. सोडला की गोळी जागेवर बसते आणि हवेला रस्ता बंद. आट्यांवर सीलंटचा थर असतो, त्यामुळे पाव फेरा सैल असतानाही आट्यांतून हवा शिरत नाही. आटे आणि लांबी जुन्या ब्लीडरशी ताडून घेतली की एकटा माणूस निवांत काम उरकतो. पुढच्या दोन्ही कॅलिपरचं तसं झालंही. मग मागच्या चाकाशी बसलो आणि आपण भेटलात.

महाराज, ब्लीडर म्हणजे इंजिन फाउंडेशनचा बोल्ट नव्हे. तो पोकळ असतो, शिवाय टोकाजवळ त्याला आडवं भोक असतं, म्हणजे जन्मतःच कमरेत अधू. ऑइल अडवायचं काम आटे करतच नाहीत. टोकाचा शंकू आपल्या बैठकीवर टेकला की झालं. त्यासाठी मॅन्युअलमध्ये बहुधा ५ ते ८ न्यूटन-मीटर दिलेले असतात. १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर चारेक किलोचा भार पडला की ६ न्यूटन-मीटर भरतात. दोन बोटांचं काम! आपण बहुधा पान्याला पाइप लावलात, आणि तो पाइपही आपल्याला आखूड वाटला असावा.

गाडीची पहिली वर्षं रत्नागिरीत गेली. पोलादी ब्लीडर, अ‍ॅल्युमिनियमचं कॅलिपर, वर खारी हवा, गंज धरणारच, असं आपण म्हणाल. म्हणा. मी न्याय करायला बसलेलो नाही. आणि गंजाचंच काढायचं तर ब्लीडरवरची रबरी टोपी कुठे गेली? मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे स्क्रू झिजून गोल झालेत, टाकीवर ऑइल सांडून रंग उडालाय. त्याबद्दल मी चकार शब्द काढत नाही.

पण एक गोष्ट पोटात ठेवता येत नाही. फाइलमधल्या बिलांवर ‘ब्रेक ऑइल बदलले’ असं लिहिलंय, त्याचे पैसेही लावलेत. वरच्या डबीतलं ऑइल खरंच स्वच्छ होतं. कॅलिपर काढायला होज सोडला, तेव्हा खालून आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. म्हणजे डबीतलं तेवढं उपसून नवं ओतलं आणि खालचं तसंच ठेवलं! अरे बाबा, ते ऑइल पाणी शोषतं! डॉट ४ नवं असतं तेव्हा २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हमी फक्त १५५ अंशांची उरते. मागे बायको बसलेली, पसरणी घाटाचा उतार, ब्रेक तापलेला. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि गाडी पुढे जातच राहते. ते पाणी बाहेर काढायचं एकच दार होतं. तू ते कायमचं बंद केलंस, आणि वर बिल फाडलंस?

कॅलिपर घेऊन गल्लीतल्या लेथवाल्याकडे गेलो. तो इझी-आउट घालायला तयार होईना. ते आत तुटलं तर कडक पोलाद, त्यात ड्रिलही शिरत नाही. बारीक ड्रिलने तो भोक हळूहळू मोठं करत बसला. त्याचा पोरगा पूर्वी कुठल्याशा वर्कशॉपमध्ये होता. मी न विचारता तो सांगू लागला. ब्लीडरमधून एक थेंब गळला तर गाडी परत येते. परत आली की इन्सेंटिव्ह जातो, आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलतो. म्हणून कचकचून आवळायचं. टॉर्क रेंच होता, पण कपाटात, आणि कपाटाची किल्ली सुपरवायझरकडे. जॉब कार्डावर ‘ऑइल बदलले’ही काउंटरवरच लिहून यायचं, ते खरोखर बदलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा कुणी देत नव्हतं.

तर तो पाइप तू घाबरून लावला होतास. हे आधी कळलं असतं तरी मी पत्र लिहिलंच असतं, पण दंडवत जरा कमी उपरोधाने घातला असता.

कॅलिपर वाचलं, आटे पुन्हा मारून घेतले. तू अजून या धंद्यात असशील तर एवढंच कर: पाना टोकाला धरू नकोस, अगदी डोक्याजवळ धर. तिथून कितीही घाबरलास तरी फारसा जोर लागत नाही. नवा ब्लीडर मी तसाच आवळलाय आणि थेंबभरही गळत नाही. सुपरवायझरला दाखवायचं असेल तर गाडी घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक ग्राहक

ता. क. क्लचचा ब्लीडर अजून उघडलेला नाही. क्लचमध्ये हवा शिरलीय, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, म्हणजे उघडावा लागणारच. तोही तूच आवळला असशील तर आधीच कळव. लेथवाला गुरुवारी बंद असतो.