उतरलेला निषाद

पहाटेच्या खर्जाचं रेकॉर्डिंग एमपी३ करून मी गाण्याच्या बाईंना पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, "मंद्रातला निषाद उतरतोय रे." चूक माझ्या गळ्याची असणं शक्यच नव्हतं, म्हणून मी एमपी३ची चौकशी सुरू केली.

पुरावा लगेच हाती लागला. आपला कान पटीत मोजतो. साची कंपनं दुप्पट झाली की तार सा. एमपी३ मात्र शिंप्यासारखा टेप लावून बसतो. सीडीच्या आवाजातले शून्य ते २२,०५० हर्ट्झ तो ५७६ सारख्या कप्प्यांत कापतो, एकेक कप्पा ३८ हर्ट्झचा. माझी पट्टी काळी एक, म्हणजे मंद्र सा ६९ हर्ट्झवर आणि मध्य सा १३९वर. अख्ख्या मंद्र सप्तकाच्या वाट्याला दोन कप्पेही पुरते येत नाहीत! आणि ११,०२५च्या वर, जिथे झांजेची किणकिण आणि 'स'ची फुसफुस तेवढी नांदते, तिथे तब्बल २८८. माझ्या वयाच्या कानांना त्यातलं फारसं ऐकूही येत नाही.

मी तावातावाने फोन केला. "अहो बाई, सात स्वर दोन कप्प्यांत कोंबलेत!"

"मग आमचा मिसळणाचा डबा बरा," बाई म्हणाल्या. "सात वाट्या तरी असतात."

पुढे वाचलं आणि खटलाच ढासळला. एबरहार्ट झ्विकर यांनी १९६१ साली माणसाच्या ऐकण्याचे २४ पट्टे मांडले होते, खाली अरुंद, वर रुंद. एमपी३ साधारण त्याच बेताने कप्प्यांचे २१ गठ्ठे बांधतो. खालचा गठ्ठा चार कप्प्यांचा, वरचा ७६चा. मोठ्या आवाजाखाली दबणारं बारीकसारीक कुठे किती गाळायचं, ते गठ्ठ्यागणिक ठरतं. आणि सूर काही एका कप्प्यात बसलेला नसतोच. दर १३ मिलिसेकंदांनी शेजारशेजारच्या कप्प्यांत किती भरलं, अधिक की उणे, याची नोंद होते. त्या नोंदी ओळीने उलगडून एकमेकींवर चढवल्या की सूर होता तिथेच उभा राहतो. बिचाऱ्या एमपी३ला सा कळत नाही की निषाद. उतरलेला आला, उतरलेला गेला.

शेवटची पळवाट म्हणून काहीही न गाळलेली, अकरापट मोठी वेव्ह फाइल पाठवली.

"निषाद तिथेच आहे," बाईंचं उत्तर आलं. "उद्यापासून तानपुरा जरा मोठा लाव."