व्याघ्रदर्शनेच्छू गृहस्थ

मीरा-भाईंदरच्या मध्यमवर्गीय वस्तीत आढळणाऱ्या गृहस्थांच्या प्रकारांत व्याघ्रदर्शनेच्छू गृहस्थाला स्वतंत्र स्थान द्यावे लागते. हा बहुधा चाळिशी ओलांडलेला, गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत बसणारा आणि गॅलरीत कबूतर आले तरी जाळी मारून घेणारा असतो. परंतु दिवाळीची सुट्टी जवळ येताच त्याला अरण्याची ओढ लागते आणि पत्नी, दोन मुले व आईवडील यांना घेऊन तो आठशेहून अधिक किलोमीटर दूर, चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाकडे प्रस्थान ठेवतो. सफारीच्या जिप्सीत, म्हणजे उघड्या टपाच्या मोटारीत, चालक व मार्गदर्शक सोडून सहाच पर्यटक बसू शकत असल्याने, सोबत येऊ पाहणाऱ्या मेहुण्याला शासकीय नियमाचा आधार देऊन घरी ठेवता येते, हा या प्रवासाचा पहिला लाभ होय.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य 1986 साली घोषित झाले आणि दोहोंचा मिळून 1995 साली व्याघ्र प्रकल्प झाला, ही सनावळी तो गाडीत कुटुंबाला दोनदा ऐकवतो. प्रकल्पाचे ‘कोअर’ म्हणजे कडक संरक्षणाचा गाभा आणि ‘बफर’ म्हणजे त्याभोवतीचा, गावे व जंगल एकत्र नांदणारा पट्टा, असे दोन भाग असून सफारी दोन्हीकडे होते. तथापि बफरमध्ये दिसलेल्या वाघाला पूर्ण वाघ मानण्यास हा गृहस्थ तयार नसतो.

प्रकल्पाच्या प्रवेशद्वाराजवळील मोहर्ली गावच्या विश्रामगृहातील मुक्कामात त्याचे वन्यजीवप्रेम विशेष कसास लागते. पाण्याच्या पंपापासून वडिलांच्या घोरण्यापर्यंतचा प्रत्येक आवाज तो डरकाळी म्हणून नोंदवतो, आई कुंपणाची उंची पहारेकऱ्याला पुन्हापुन्हा विचारते आणि पहाटेची फेरी चुकेल या धास्तीने कोणीच झोपत नाही. पुढे जंगलात चितळाचा ‘कॉल’, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर हरणाने दिलेला इशारा, ऐकू येतो, मार्गदर्शक सर्वांना गप्प राहण्याची खूण करतो आणि नेमक्या त्याच क्षणी आजी चिवड्याची पिशवी सोडतात. दरम्यान दिसलेले गवे ‘म्हशींसारखे’ आणि दुर्मीळ होत चाललेले रानकुत्रे ‘शेवटी कुत्रेच’ ठरून मोजदादीतून वगळले जातात.

वाघ रस्ता ओलांडून काही क्षणांत दिसेनासा होतो. गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल वापरण्यास मनाई असल्याने पुरावा उरत नाही आणि पुरावा नसल्यामुळेच वर्णनाची वाढ निर्वेध होते. परतीच्या प्रवासात वर्ध्याला पन्नास फुटांवर असलेला वाघ गाडी ठाण्याला लागेपर्यंत दहा फुटांवर आलेला असतो. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने परतताना कडेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते, ज्याचे क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर असून तेथे बिबट्यांचा वास आहे. परंतु त्या जंगलाला तिकीट काढलेले नसल्याने गृहस्थ या टप्प्यात झोपून घेतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ व बिबट्या या दोघांनाही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, घातले आहे. गृहस्थाची अनुसूची मात्र निराळी असते: चंद्रपूरचा वाघ आपल्या घरात राहतो, तर घराजवळच्या काशिमीऱ्याकडे फिरकलेला बिबट्या अतिक्रमण करतो. उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात, त्या कुत्र्यांमागे बिबट्या येतो आणि एक पकडून नेला तरी मोकळ्या झालेल्या टापूत दुसरा शिरू शकतो, हे वनखात्याचे म्हणणे त्याला पटते. फक्त ते शेजारच्या संस्थेला लागू आहे असे त्याचे मत असते.

त्यामुळे सुट्टीनंतरच्या सभेचे इतिवृत्त साधारणतः ठरलेले असते. ताडोबात व्याघ्रदर्शन घडल्याबद्दल सदस्याच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो, बिबट्यासाठी तातडीने पिंजरा लावण्याची मागणी वनखात्याकडे पाठवण्याचे एकमताने ठरते, आणि झाकणाची कचराकुंडी घेण्याचा विषय, खर्च मोठा असल्याने, पुढील सभेपर्यंत तहकूब केला जातो.