बिनगरजेची टोपी

डोक्यावर फेल्ट हॅट, हातात मऊ केसांचा ब्रश आणि चेहऱ्यावर रविवारची सकाळ, असा गृहस्थ दिसला की लोक म्हणतात, ‘जुन्या वळणाचा माणूस!’ हे साफ चूक आहे. जुन्या वळणाच्या माणसाला टोपीची हौस नव्हतीच. बोडक्या डोक्याने बाहेर पडणं अशुभ, म्हणून तो टोपी घाली. आणि पगडी-पागोट्याचा घाट पाहून लोक त्याची जात नि धंदा ओळखत. जिथे निवड नाही तिथे शौक कसला? डोकं उघडं ठेवायची मुभा मिळाली, त्यानंतरच टोपीशौकीन जन्माला आला. पुणेरी पगडीचंच पाहा. रोजच्या डोक्यांवरून उतरून ती सत्कारसमारंभांत गेली, आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. गरज संपली की कौतुक सुरू होतं, ते असं.

गरजेची वस्तू खुंटीवर फेकता येते, हौसेची सांभाळावी लागते. आपला गृहस्थ हॅट माथ्याच्या चिमटीत धरून कधी उचलत नाही. तिथे घडी चिरते, पनामाची तर हमखास. उचलायची ती कडेला धरून, अलगद. टेबलावर ठेवायची उलटी, नाहीतर कडेचा बाक बिघडतो. फेल्टवर ब्रश फिरवायचा घड्याळाच्या उलट दिशेने, आणि काळ्या हॅटचा ब्रश फिक्या हॅटला लावायचा नाही. पावसात भिजलीच, तर आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटवून सावलीत वाळवायची. हेअरड्रायरचं नाव काढलं तरी याला घेरी येते. ही सगळी शिस्त फक्त हॅटपुरती. अंघोळीनंतरचा ओला टॉवेल पलंगावरच असतो.

हे टक्कल झाकायचे उद्योग, असं काही जण म्हणतात. पण या पंथाचा शिष्टाचार असा, की ओळखीचं माणूस भेटलं की हॅट उचलायची, घरात शिरताना काढायची, जेवताना बाजूला ठेवायची. उघडं टक्कल लोक एकदा पाहून विसरतात. याचं दर वेळी पडदा वर जाऊन प्रकटतं. दुसऱ्यांना हे साहेबी थेर वाटतात. मात्र साहेबाची सोला हॅट आपल्याच पाणथळीत वाढणाऱ्या झाडाच्या भेंडाची, आणि पनामा हॅट विणतात इक्वाडोरमध्ये. पनामामार्गे जगभर गेली म्हणून ते नाव चिकटलं. टोप्यांच्या कुळात शुद्ध वंशावळ शोधू नये. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: मुंबईच्या दमट हवेत फेल्ट घालणं म्हणजे जिवंतपणी डोकं उकडून घेणं. खरंच आहे. पण सोयच पाहायची असती तर छत्री होती की! गैरसोय सोसण्याची तयारी हीच हौसेची खूण.

याउलट पुण्यातलं हेल्मेट घ्या. ते डोकं वाचवतं, ऊन-पाऊस अडवतं, आणि कायद्याने सक्तीचंही आहे. तरी त्याला मऊ ब्रशने कुणी गोंजारत नाही. बरेचदा ते आरशाला लटकून डोक्याशिवायच प्रवास करतं. उद्या सरकारने फेल्ट हॅट सक्तीची केली, तर तिच्याविरुद्धच्या मोर्चात सर्वांत पुढे हाच गृहस्थ चालेल, तोही बोडक्या डोक्याने.